संगणक आणि पडदा : एका सांध्याचा इतिहास

संगणकाचा इतिहास लिहिताना बहुतेक लेखक त्याच्या मेंदूचा इतिहास लिहितात. चिप किती लहान झाली, वेग किती वाढला, स्मृती किती स्वस्त झाली, याची वर्णने मराठीतही पुष्कळ आली आहेत. परंतु यंत्राने केलेला हिशेब माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो एका सांध्यातून, आणि त्या सांध्याचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. प्रस्तुत लेखात आम्ही तो सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत. आमचा पिंड अभियंत्याचा नाही. शासकीय सेवेत असताना यंत्रखरेदीच्या फायली हाताळाव्या लागल्या, त्या निमित्ताने हा विषय वाचनात आला आणि निवृत्तीनंतर त्याची गोडी वाढली, एवढाच आमचा अधिकार.

विषयाचे क्षेत्र प्रथम स्पष्ट करू. घरातील टेबलावरचा संगणक हा संगणकांचा एक लहानसा वर्ग होय. रुग्णालयातील रुग्णनिरीक्षक यंत्र, बँकेचे पैसे देणारे यंत्र, कारखान्यातील नियंत्रणपेटी, स्थानकावरील माहितीचा फलक, या सर्वांच्या पोटात संगणक असतो. असे यंत्र बनविणारा कारखानदार संपूर्ण संगणक स्वतः रचीत नाही. प्रोसेसर आणि स्मृती असलेले लहान तयार मॉड्यूल तो बाजारातून घेतो, आणि ते ज्यावर बसवायचे तो मोठा फलक तेवढा आपल्या गरजेप्रमाणे रचतो. या फलकास कॅरिअर बोर्ड म्हणतात. वीज कोठून यावी, पडदा कोठे जोडावा, बटणे आणि तारा कोठे याव्यात, हे त्यावर ठरते. मॉड्यूल हा भाडेकरू मानला तर कॅरिअर बोर्ड ही वास्तू होय. भाडेकरू बदलला तरी वास्तू टिकावी, हा या साऱ्या रचनेमागील हेतू. तो कितपत साधला, याचे उत्तर पडद्याच्या जोडणीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

आरंभ अर्थातच काचेच्या नळीपासून झाला. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली ऋणकिरण नळी तयार केली, आणि पुढे दूरचित्रवाणी व संगणक या दोहोंनी तिचाच आश्रय घेतला. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याबरोबर पडद्याचे दोन पर्याय होते. एक केवळ अक्षरांसाठी, आणि दुसरा सीजीए नावाचा, रंगांसाठी. सीजीएच्या केबलमध्ये रंगासाठी चार तारा होत्या : तांबडा, हिरवा, निळा आणि उजळपणा. प्रत्येक तार एक तर चालू किंवा बंद. म्हणून रंग सोळाच. १९८४ च्या ईजीएमध्ये तारा सहा झाल्या आणि संभाव्य रंग चौसष्ट. याच मार्गाने पुढे जावयाचे तर रंग वाढतील तशा तारा वाढणार, हे उघड होते.

१९८७ साली आयबीएमने पीएस/२ या संगणकांबरोबर व्हीजीए आणली आणि हा पेच उलट्या दिशेने सोडविला. रंगांच्या तारा तीनच ठेवल्या. मात्र त्यांतून चालू-बंद असा संकेत न पाठविता शून्यापासून सुमारे ०.७ व्होल्टपर्यंत चढता-उतरता दाब पाठविला. दाब जितका अधिक, तितका रंग उजळ. तीन तारांतून हव्या तितक्या छटा जाऊ लागल्या. तीन ओळींत पंधरा पिना असलेला, बहुधा निळ्या रंगाचा तो सांधा वाचकांपैकी अनेकांनी आपल्या हातांनी स्क्रू फिरवून बसविला असेल. आयबीएमचे ते संगणक अस्तंगत झाले. त्यांनी आणलेला सांधा मात्र त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ जगभर चालला. यंत्रापेक्षा सांध्याचे आयुष्य मोठे असते, याचा हा पहिला ठळक दाखला.

याच काळात आपल्या लिपीपुढे एक निराळा प्रश्न उभा होता. त्या संगणकांच्या पडद्यावर पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी घरे असत. प्रत्येक घरात एक रोमन अक्षर सुटसुटीत मावे. देवनागरीत वेलांटी अक्षराच्या आधी येते, उकार खाली जातो, रफार वर चढतो, जोडाक्षरे एकमेकांत गुंततात. कानपूरच्या आयआयटीमध्ये १९८० च्या दशकात यावर काम सुरू झाले, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. जिस्ट नावाचे कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्याही देवनागरीत अक्षरे दाखवू लागत. मोहन तांबे यांचा या कार्यात मोठा वाटा होता. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रमाण म्हणून स्वीकारली. मेंदू परदेशी असला तरी मेंदू आणि पडदा यांच्यामधील जागा आपल्या हाती आली, म्हणून मराठी पडद्यावर उमटली. ही जागा किती महत्त्वाची, हे सांगण्यास आम्हांस याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

नव्वदीच्या दशकात काचेची जड नळी मागे पडून सपाट पडदा पुढे आला. या पडद्यास प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकांत हवा असतो. तांबडा, हिरवा व निळा यांसाठी प्रत्येकी आठ तारा म्हणजे चोवीस. त्यांत ओळीचा आणि चौकटीचा आरंभ सांगणाऱ्या दोन, माहिती ग्राह्य असल्याची एक आणि ठेका देणारी एक, अशा मिळून अठ्ठावीस तारा झाल्या. मांडीवरच्या संगणकाच्या बिजागरीतून एवढ्या तारांचा जुडगा नेणे अवघड. शिवाय प्रत्येक तारेत दाब वेगाने वर-खाली होत असल्याने तिच्यापासून शेजारच्या रेडिओस, दूरध्वनीस उपद्रव होई.

नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीने पुढे आणलेली एलव्हीडीएस ही पद्धती या अडचणीवरचा तोडगा ठरली. १९९५ साली तिला प्रमाणाचे रूप मिळाले. तिचे तत्त्व सोपे आहे. एका संकेतासाठी दोन तारा. एकीचा दाब वाढला की दुसरीचा तितकाच घटतो, आणि पलीकडचे टोक केवळ दोहोंमधील फरक पाहते. तराजूच्या दोन्ही पारड्यांवर सारखाच वारा लागला तर काटा हलत नाही. तसेच बाहेरचा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच आदळतो आणि फरक अबाधित राहतो. म्हणून दाब अगदी थोडा, सुमारे ३५० मिलिव्होल्ट, ठेवला तरी चालते. प्रत्येक ठोक्यास एका जोडीतून सात अंक पाठवावयाचे, अशा चार जोड्या आणि ठेक्याची एक. अठ्ठावीस तारांचे काम दहांवर आले.

आता कॅरिअर बोर्डाकडे वळू. यंत्राच्या पोटातील संगणकास ठराविक आकार आणि ठराविक पिना असाव्यात, या विचाराचा एक जुना नमुना म्हणजे पीसी/१०४. १०४ पिनांचे, सुमारे ९० बाय ९६ मिलिमीटरचे हे फलक एकमेकांवर डब्यांसारखे रचीत. त्यांचा पुरस्कार करणारा संघ १९९२ साली स्थापन झाला. पुढे ईटीएक्स आले, त्यात मॉड्यूल आणि वाहक फलक हा भेद स्पष्ट झाला. २००५ साली पीआयसीएमजी या संघाने कॉम एक्स्प्रेसचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात दोन सांध्यांत मिळून ४४० पिना आहेत. २००८ च्या सुमारास सत्तर मिलिमीटर चौरस आकाराचे क्यूसेव्हन आले. २०१२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या एसजेट या संघाने ३१४ पिनांचे स्मार्क हे प्रमाण हाती घेतले. आणि शाळकरी मुलांसाठी २०१२ साली निघालेल्या रास्पबेरी पाय या ब्रिटिश संगणकाचे कॉम्प्युट मॉड्यूल २०१४ साली आले, तेव्हा ही कला मोठ्या कारखान्यांपुरती न राहता लहान उद्योजकाच्याही आवाक्यात आली.

या प्रमाणांच्या पोथ्यांत कोणती पीन कोणत्या कामाची, हे लिहिलेले असते. पण पोथी हाती असली तरी पडदा आपोआप उजळत नाही. कॅरिअर बोर्ड रचणाऱ्यास अनेक पथ्ये पाळावी लागतात. त्यांतील चार येथे सांगतो.

पहिले पथ्य अंतराचे. पूर्ण एचडी चित्र सेकंदास साठ वेळा एचडीएमआयमधून जाते, तेव्हा प्रत्येक जोडीतून सेकंदास सुमारे १४८.५ कोटी अंक वाहतात. फलकावरील तांब्याच्या रेषेतून संकेत एका नॅनोसेकंदात साधारण पंधरा सेंटिमीटर जातो. म्हणजे एक अंक रेषेवर जेमतेम दहा सेंटिमीटर जागा व्यापतो. जोडीतील एक तार दुसरीपेक्षा लांब पडली, तर दोन्ही पारडी एकाच क्षणी हलत नाहीत आणि तराजूचा सारा उपयोग नाहीसा होतो. म्हणून आखूड रेषेस मुद्दाम नागमोडी वळणे देऊन लांबी जुळवितात. तसेच जोडीचा विद्युत् विरोध आरंभापासून शेवटापर्यंत शंभर ओहमच्या आसपास राहील अशी रेषांची रुंदी व अंतर ठेवितात; नाहीतर वाटेत संकेताचा काही अंश परत फिरतो.

दुसरे पथ्य क्रमाचे. सपाट पडद्यास आधी वीज, मग चित्राचा संकेत, आणि काही काळाने मागील दिवा, या क्रमाने जागे करावे लागते. निजविताना नेमका उलटा क्रम. प्रत्येक पडद्याच्या माहितीपत्रकात हे कालावधी मिलिसेकंदांत दिलेले असतात. क्रम मोडल्यास पडदा त्याच दिवशी बिघडेलच असे नाही. पण प्रथम विचित्र पट्टे दिसतात आणि कालांतराने नुकसान होऊ शकते.

तिसरे पथ्य ओळखीचे. पडद्याने आपली लांबी-रुंदी आणि ठेका संगणकास कळवावा, यासाठी व्हेसा या संघाने १९९४ साली १२८ बाइटांचे एक ओळखपत्र ठरविले. त्यास ईडीआयडी म्हणतात. बाहेरून जोडावयाच्या पडद्यात ते असते. यंत्रात बसविण्याच्या उघड्या पडद्यात ते पुष्कळदा नसते, आणि मग कॅरिअर बोर्डावर एक लहानशी स्मृतिचिप ठेवून ते ओळखपत्र रचनाकारानेच लिहावे लागते.

चौथे पथ्य मांडणीचे, आणि ते आम्हांस विशेष उद्बोधक वाटले. एलव्हीडीएसमध्ये चोवीस अंकी रंग पाठविताना चौथ्या जोडीत कोणते अंक घालावेत, याविषयी दोन संप्रदाय आहेत. जैडा या जपानी संप्रदायात रंगाचे सर्वांत हलके दोन अंक चौथ्या जोडीत जातात. व्हेसा संप्रदायात सर्वांत वजनदार दोन. सांधा तोच, तारा त्याच, दाब तोच. मॉड्यूल एका संप्रदायाचे आणि पडदा दुसऱ्याचा असला, तरी शुद्ध काळे आणि शुद्ध पांढरे यथास्थित दिसते, कारण काळ्यात सर्व अंक शून्य आणि पांढऱ्यात सर्व एक असतात. ते कसेही फिरविले तरी फरक पडत नाही. म्हणून अक्षरांची तपासणी उत्तम पार पडते. पण माणसाचा चेहरा दाखविला की छटा फुटून गालांवर नकाशासारखे पट्टे उमटतात. केवळ अक्षरे पाहून यंत्र स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

इतकी पथ्ये पाळून रचलेला फलक किती काळ टिकतो? येथे इतिहासाचे एक वळण सांगितले पाहिजे. १९९९ साली डीव्हीआय, २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय आणि २००६ साली डिस्प्लेपोर्ट असे नवे सांधे एकामागून एक आले. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी संयुक्तपणे जाहीर केले की व्हीजीए आणि एलव्हीडीएस हे दोन्ही आता टप्प्याटप्प्याने बंद होतील. इंटेलने एलव्हीडीएससाठी २०१३ आणि व्हीजीएसाठी २०१५ हे वर्ष सांगितले. घरगुती संगणकांच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु रुग्णालयातील आणि कारखान्यातील यंत्रे दहा-पंधरा वर्षे चालावी लागतात, आणि त्यांचे पडदे एलव्हीडीएसचे होते.

परिणाम असा झाला की प्रोसेसरमधून एलव्हीडीएस गेले, पण मॉड्यूलच्या पिनांवरून गेले नाही. नव्या एम्बेडेड डिस्प्लेपोर्टचा संकेत घेऊन त्याचे जुन्या भाषेत रूपांतर करणारी दुभाषी चिप मॉड्यूलवर किंवा कॅरिअर बोर्डावर बसविण्यात येऊ लागली. कॉम एक्स्प्रेसने एलव्हीडीएसच्याच काही पिनांवर नव्या पद्धतीसही जागा दिली. स्मार्कने मात्र २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत जुन्या समांतर तारांचा पडदा काढून टाकला. रास्पबेरी पायच्या मॉड्यूलने २०२० साली, चौथ्या पिढीत, २०० पिनांची जुनी पट्टी सोडून शंभर-शंभर पिनांचे दोन सांधे घेतले, त्यामुळे आधीच्या फलकांवर ते बसेना. जुन्या ग्राहकांसाठी त्याच प्रोसेसरची जुन्या आकारातील आवृत्तीही काढावी लागली. २०२४ च्या पाचव्या पिढीने मात्र बव्हंशी चौथीचाच सांधा राखला. सांधा मोडण्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हे यावरून दिसते : सांधा बदलतो तो मॉड्यूल बनविणारा, आणि फलक नव्याने रचतो तो लहान कारखानदार.

आणि त्याच्याही पलीकडे ग्राहक असतो. मध्य प्रदेशात पवारांच्या धारेत १ जानेवारी २००० रोजी ज्ञानदूत योजना सुरू झाली आणि जमिनीचा उतारा, बाजारभाव, तक्रारअर्ज खेडेगावातील संगणकावर उपलब्ध झाले. त्यानंतरच्या वर्षांत अशा सोयी ठिकठिकाणी झाल्या. एका कार्यालयात नागरिकांसाठी ठेवलेल्या अशाच एका स्पर्शपडद्याच्या यंत्राची अखेर आम्ही पाहिली. आतला संगणक धडधाकट होता. पडदा तेवढा गेला होता. त्या जातीचा पडदा बाजारात राहिला नव्हता. दुसरा जोडावा तर फलकावरील सांध्याचा आराखडा पुरवठादाराने दिलेलाच नव्हता, कारण करारात तो मागितलेला नव्हता. सारे यंत्र निर्लेखित झाले. खेड्यातून आलेली माणसे पुन्हा खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. कागदोपत्री तोटा एका यंत्राचा दिसला. रांगेचा तोटा कोठेही नोंदला गेला नाही.

म्हणून सांध्याचा आराखडा कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मोबाइल फोनच्या पडद्यांसाठी वापरली जाणारी डीएसआय पद्धती २००३ साली स्थापन झालेल्या मिपी संघाची आहे आणि तिची मूळ प्रमाणपोथी सभासदांनाच मिळते. एचडीएमआयचे २.१ हे प्रमाण २०१७ साली आले. त्याची अंमलबजावणी सर्वांना वाचता येईल अशा मुक्त आज्ञावलीत लिनक्ससाठी देण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत उघड झाले. उलटपक्षी रास्पबेरी पायने आपल्या मॉड्यूलसाठी केलेल्या नमुना कॅरिअर बोर्डाचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले, आणि त्यांवरून धडे घेऊन असंख्य लहान फलक रचले गेले. हे लिहिताना मालकीहक्क नाकारण्याचा आमचा हेतू नाही. संशोधनास पैसा लागतो आणि त्याचा मोबदला न्याय्य आहे. परंतु सार्वजनिक पैशाने घेतलेल्या यंत्राचा सांधा घेणाऱ्यास वाचता येऊ नये, हे आम्हांस मान्य होण्यासारखे नाही.

आपल्या घराण्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील अनेक जुन्या घरांत मोडी कागदांची रुमाले आहेत. कागद शाबूत आहे, शाई टिकली आहे, वाचणारा डोळाही आहे. कागद आणि डोळा यांच्यामधील लिपीचे ज्ञान तेवढे दोन पिढ्यांत ओसरले. ज्या घरात कोणी वडीलधाऱ्याने मोडीची बाराखडी वहीत उतरवून ठेवली, तेथे ती रुमाले आजही बोलतात. यंत्रांच्या बाबतीत ती वही म्हणजे पिनांचा तक्ता, पडद्याचे माहितीपत्रक आणि फलकाचा आराखडा.

आमच्या वाचकांत शाळा, ग्रंथालये, रुग्णालये आणि सहकारी संस्था चालविणारे अनेक जण आहेत. त्यांस आमची एकच सूचना आहे. यापुढे पडदा असलेले कोणतेही यंत्र संस्थेसाठी घेताना किमतीबरोबर तीन कागद लेखी मागावेत : पडद्याचा सांधा कोणत्या प्रमाणाचा आहे, त्याच्या पिनांचा तक्ता, आणि त्याच सांध्यावर चालणारा दुसरा एखादा पडदा. पुरवठादार कुरकुर करील. तरीही ते कागद मिळेपर्यंत देयकावर सही करू नये, आणि मिळाल्यावर ते संस्थेच्या दप्तरात, यंत्राच्या नोंदीच्या पानालाच जोडून ठेवावेत.